नदीकाठचे तंबू आणि धोक्याची सूचना

८ जून २०१४ रोजी सायंकाळी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात, थलौटजवळ, बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी व त्यांच्या सहलीचा एक संयोजक वाहून गेले. हा पूर पावसाचा नव्हता. वीजजाळ्यात पुरवठा अधिक झाल्याने निर्मिती घटवण्यात आली आणि लारजी धरणाचे पाणी दरवाजांतून नदीत सोडले गेले. भोंगा वाजला की नाही, यावर पुढे बराच वाद झाला. परंतु तो वाजला असता, तरी परप्रांतातून आलेल्या मुलांना त्याचा अर्थ कोणी सांगितला होता?

जुलै २०२२ मध्ये कुल्लू जिल्ह्यातील चोज गावी ढगफुटीनंतर नदीकाठचे कॅम्प वाहून गेले. कारण निराळे, दोष मात्र तोच. हवामान खात्याची आकस्मिक पुराची मार्गदर्शक प्रणाली २०२० पासून सहा तास आधी धोक्याचा इशारा देऊ शकते. तो इशारा जिल्हा कार्यालयापर्यंत पोहोचतो. दरीतल्या तंबूत मात्र पुष्कळदा मोबाइलही लागत नाही. धरण सुरक्षा कायदा, २०२१ अन्वये मोठ्या धरणांना आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक आहे. अशा आराखड्यात काठच्या गावांची नोंद करता येते. एका रात्रीचा पाहुणा कोणत्या गावच्या यादीत असणार?

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर पाण्यालगतच्या तंबूचे वाढीव भाडे चालकाला मिळते आणि धोका पाहुण्याच्या वाट्याला येतो. खोट्या इशाऱ्याने ग्राहक नाराज होईल, या भीतीने चालक रात्री कोणाला उठवत नाही. वस्तुतः चुकलेल्या इशाऱ्याची किंमत एका रात्रीची झोप एवढीच असते.

बियास प्रकरणी हिमाचल उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये भरपाईचा भार वीज मंडळ, महाविद्यालय व राज्य शासन यांच्यात ६०:३०:१० असा विभागला. मृत्यूनंतर जबाबदारीची इतकी नेमकी वाटणी करता येते, तर ती आधीच परवान्यात का लिहू नये? तंबू पूररेषेबाहेर असावेत, धरणाच्या नियंत्रण कक्षाशी थेट संपर्क असावा, रात्री जागता पहारेकरी असावा, पाहुण्यांची नोंदवही असावी आणि आल्याबरोबर प्रत्येकाला वर चढण्याची वाट प्रत्यक्ष चालवून दाखवावी. यातील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. यांपैकी एखादी नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना रोखावा.

दिल्ली, चंदीगड, डेहराडून येथे राहणारी आपली मराठी कुटुंबे मे-जूनमध्ये याच खोऱ्यांत जातात. पैसे भरण्यापूर्वी त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: वर धरण आहे काय, रात्री कोण उठवील, आणि वर जायची वाट कोणती? पाणी अकस्मात गढूळ झाले, काटक्या वाहू लागल्या किंवा नदीचा आवाज वाढला, तर सामान तेथेच टाकून चढणीला लागावे. नदीच्या कडेने पळू नये. भोंग्याची वाट पाहू नये.