म्हैसूरचे मास्तर, दिल्लीचे सभापती

१९२१ साल. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक कलकत्ता विद्यापीठात रुजू व्हायला निघाले होते. दारात फुलांनी सजवलेली बग्गी उभी होती, पण तिला घोडे जुंपलेले नव्हते! विद्यार्थ्यांनी स्वतःच ती ओढत स्टेशनापर्यंत नेली. बग्गीत बसले होते सर्वपल्ली राधाकृष्णन. वय अवघे बत्तीस आणि म्हैसूरशी ओळख जेमतेम तीन वर्षांची.

तत्त्वज्ञानाकडे ते वळले, त्यामागे होती घरची ओढाताण. कॉलेजात पुस्तके विकत घेणे परवडत नव्हते. नात्यातल्या एका भावाने आपली वापरलेली पुस्तके दिली. ती तत्त्वज्ञानाची निघाली आणि विषय ठरून गेला! पुढे १९१८ मध्ये, म्हैसूरला आले त्याच वर्षी, रवींद्रनाथांच्या तत्त्वज्ञानावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

असा पोथ्यापुस्तकांत रमणारा माणूस राजकारणात काय करणार? त्यांनी ना तुरुंगवास भोगला होता, ना कोणत्या पक्षाचा झेंडा खांद्यावर घेतला होता. तरीही ते घटना समितीत गेले. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री स्वातंत्र्याच्या शपथेआधी बोलणाऱ्या मोजक्या वक्त्यांत ते होते. शपथ बाराच्या ठोक्यानंतरच घ्यायची होती. तोपर्यंतचा वेळ भाषणाने भरून काढायचे काम नेहरूंनी त्यांच्यावर सोपवले होते. तास संपेपर्यंत वर्ग गुंतवून ठेवण्याची सवय असलेल्या मास्तरांना ते काय अवघड!

१९५२ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले आणि त्या नात्याने राज्यसभेचे सभापतीही. तेव्हा या सभागृहाला ‘राज्यसभा’ म्हणतही नव्हते. ‘राज्यसभा’ हे नाव जाहीर झाले २३ ऑगस्ट १९५४ रोजी, सभापतींच्याच आसनावरून. सलग दहा वर्षे ते तिथे बसले. चर्चा तापली की एखादे संस्कृत वचन, नाहीतर बायबलमधला एखादा दाखला देऊन ते वातावरण निवळवत. आज टीव्हीवर सभागृहातला गोंधळ पाहणाऱ्यांना हे दंतकथेसारखे वाटेल. नेहरू तर म्हणत, की राधाकृष्णन यांनी राज्यसभेच्या बैठकांना घरगुती मेळाव्याचे रूप आणले.

१९६२ मध्ये ते राष्ट्रपती झाले. वाढदिवस साजरा करू द्या, असा आग्रह जुन्या विद्यार्थ्यांनी आणि स्नेह्यांनी धरला, तेव्हा त्यांनी सुचवले, की ५ सप्टेंबर हा दिवस शिक्षकांच्या नावाने पाळा.