त्रिरश्मीवरचा हिशेब

नाशिकला गेलेली आपली मंडळी गोदाकाठ आणि काळाराम मंदिर पाहून परततात. काळाराम पाहावेच. 2 मार्च 1930 रोजी त्याच दारात बाबासाहेबांचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटाने चालविला. पण मुलाबाळांना त्रिरश्मी दाखविल्याशिवाय परतू नका. लोक तिला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही. 24 लेणी, बहुतेक सारी बौद्ध.

आम्ही पडलो हिशेबातली माणसे, म्हणून दहाव्या लेण्यापाशीच रेंगाळलो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे 1900 वर्षांपूर्वी हे लेणे कोरविले, पाण्याच्या पोढ्या खोदविल्या आणि विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण कायमची ठेव ठेवली. व्याज महिना शेकडा एक. वर्षाचे झाले 240. वर्षावासात 20 भिक्खूंना प्रत्येकी 12, चीवरासाठी. मुद्दलाला हात लावायचा नाही. ठेव निगमसभेत वाचून दाखवून नोंदविलेलीही आहे! पैसा सांभाळायला दिला तो मागावर राबणाऱ्यांकडे, हे आम्हाला फार भावले. गुणाकार मुलांकडूनच करून घ्या.

चढण आहे, सकाळीच निघा. वडीलधाऱ्यांना बसत बसत न्या. पोढ्या आहेत, पण पिण्याचे पाणी घरूनच घ्यावे.