लघुशंकेची तातडी आणि डोंबिवलीची गाडी

माझी धाकटी बहीण डोंबिवलीहून मुंबईस नोकरीसाठी जाते आणि सकाळच्या अर्ध्या कप चहानंतर कचेरीत पोहोचेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नाही. कारण विचारले तेव्हा ते तिने इतक्या दबलेल्या आवाजात सांगितले, की मी जणू एखाद्या अपराधाचा कबुलीजबाब ऐकत होतो. परतताना कोपर स्थानक मागे पडले की एकाएकी अनावर लघवीला होते आणि घराच्या कुलपात किल्ली फिरवताना तर ती थोपवणे अशक्यप्राय होते, एवढेच तिचे म्हणणे होते.

निरोगी मूत्राशयात साधारणतः ३०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. ते निम्मे भरण्याच्या सुमारास मेंदूकडे पहिली वर्दी जाते आणि योग्य जागा मिळेपर्यंत मेंदू मूत्राशयाच्या स्नायूस आवरून धरतो. हा आवर ढिला पडून स्नायू अवेळी आकुंचन पावू लागला, की त्या वर्दीचा हुकूम होतो. घर जवळ आल्याच्या खुणा आणि मोकळे होण्याची सवय यांची सांगड मेंदूत पक्की बसत असल्यामुळे किल्ली हाती येताच तगादा वाढतो. जंतुसंसर्ग, मूतखडा, मधुमेह, पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी किंवा मज्जासंस्थेचा विकार अशा तातडीच्या मुळाशी असू शकतो, म्हणून लाज बाजूस सारून डॉक्टरांकडून रीतसर तपासणी करून घ्यावी. लघवीतून रक्त गेल्यास किंवा सोबत ताप असल्यास एक दिवसही दवडू नये. पाणी तोडणे मात्र घातक, कारण दाट झालेले मूत्र मूत्राशयास अधिकच चेतवते. चहा-कॉफी कमी करणे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आणि दोन खेपांमधील अंतर क्रमाक्रमाने वाढवणे यांनी पुष्कळांस काही आठवड्यांत गुण येतो.

परंतु शरीरास कितीही शिस्त लावली, तरी कल्याणपासून मुंबईपर्यंतचे सुमारे ५४ किलोमीटर धीम्या गाडीने कापण्यास जवळजवळ दीड तास लागतो आणि लोकलच्या डब्यात शौचकूप नसतो, ही वस्तुस्थिती व्यायामाने बदलत नाही. मुंबईतील स्त्रियांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने मुताऱ्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला, आणि ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये स्त्रियांसाठी रस्तोरस्ती स्वच्छ प्रसाधनगृहांची तजवीज करण्याचे महापालिकांना बजावले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या कारभाऱ्यांनी व रेल्वेखात्याने या हुकमाचा आशय फलाटापर्यंत आणावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे: पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत उघडी, दिवा आणि पाणी असलेली, कडी धड लागणारी जागा. जिला दोन मिनिटेही थांबवत नाही, तिला जिन्यापलीकडील प्रसाधनगृहाचा काय उपयोग?

बहीण आता पिशवीत पाण्याची बाटली ठेवते. दादर येईपर्यंत मात्र तिचे झाकण अजून उघडत नाही.