पदकापलीकडचे पोहणे

महाविद्यालयांतील जलतरण मंडळांचे वर्ष बहुधा ठरलेल्या वळणाने जाते. आधी निवड चाचण्या, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि अधूनमधून सहल किंवा स्नेहमेळावा. यात वावगे काही नाही. पोहण्याने हृदय आणि फुप्फुसांची क्षमता वाढते, शरीराचा बराचसा भार पाणीच पेलत असल्याने सांध्यांवर ताण कमी येतो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१०च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपल्या तलावांतूनही आशियाई दर्जाचे खेळाडू घडू शकतात, हे दिसले. मात्र पदकापर्यंत मोजकेच पोहोचतात. बाकीच्यांनी कमावलेल्या कौशल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

तो विचारायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे तीन लाख लोक बुडून मरतात. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत अलीकडच्या वर्षांत हा आकडा ३५ हजारांच्या वर आहे. मृतांत मुले आणि तरुण मोठ्या संख्येने असतात. पावसाळ्यात धबधबे, धरणे आणि समुद्रकिनाऱ्यांवरून येणाऱ्या बातम्यांत विद्यार्थ्यांच्या सहलीचा उल्लेख वारंवार असतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तलावात ५० मीटर वेगाने कापणारा विद्यार्थी नदीत किंवा समुद्रात सुरक्षित असतोच असे नाही. तलावात तळ दिसतो, खोली माहीत असते, कठडा हाताशी असतो. धबधब्याखालच्या डोहात भोवरे आणि बुडलेले खडक असतात. समुद्रात किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह चांगल्या पोहणाऱ्यालाही दमवतो. त्याच्याशी झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहून त्यातून बाहेर पडायचे असते. म्हणूनच सहलीला पाण्यात कोणी उतरायचे आणि कुठे मुळीच उतरायचे नाही, हे जलतरण मंडळानेच आधी ठरवावे. मद्यपान करून पाण्यात उतरण्यास तर पूर्ण मज्जाव हवा.

खरी गरज आहे ती स्वयंसेवेची. पूर्वी गावोगावी विहिरीत, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून, थोरली मुले धाकट्यांना पोहायला शिकवत. ती परंपरा बरीच मागे पडली. विहिरींच्या जोडीला शेततळी आली. त्यांचे प्लॅस्टिकचे अस्तर इतके निसरडे असते की पोहता येणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक वर्षाला १२० तास सेवा देतात आणि गावात सात दिवसांचे शिबिरही घेतात. त्या शिबिरात जलतरणपटूंनी गावातील प्रत्येक शेततळ्यात गाठी मारलेला दोर सोडून तो काठावरच्या खुंटाला बांधला, शेजारी हवा भरलेली ट्यूब ठेवली आणि शेतकऱ्याला कुंपणाचे महत्त्व पटवले, तरी मोठे काम होईल. शहरात वसतिगृहातल्या न पोहणाऱ्या मित्रांना प्रशिक्षक आणि जीवरक्षकांच्या देखरेखीखाली उताणे तरंगायला आणि एका जागी पाय मारत डोके वर ठेवायला शिकवता येईल. जीव वाचवायला एवढेही अनेकदा पुरते.

वाचवण्याचेही शास्त्र आहे. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही, कारण श्वास घ्यायलाच त्याला तोंड पुरत नाही. घाबरून तो वाचवणाऱ्याला घट्ट धरतो आणि दोघेही बुडतात. म्हणून आधी काठी, दोर, ओढणी किंवा रिकामा बंद कॅन त्याच्याकडे टाकावा. उडी हा अगदी शेवटचा आणि प्रशिक्षितांचाच मार्ग. बाहेर काढलेल्याचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. ऑक्सिजन तुटल्यावर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. श्वास थांबला असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून लगेच तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करावी, मग छातीवर ३० दाब आणि दोन श्वास असा क्रम चालू ठेवावा. याचा सराव प्रत्येक जलतरण मंडळाने दरवर्षी केलाच पाहिजे.

यासाठी नव्या तलावाची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. स्पर्धेच्या गुणांप्रमाणे या सेवेचीही नोंद विद्यापीठांनी ठेवावी आणि वार्षिक समारंभात पदकविजेत्यांसोबत अशा स्वयंसेवकांचाही सत्कार करावा. २५ जुलै हा बुडण्याच्या घटना रोखण्यासाठीचा जागतिक दिवस ऐन पावसाळ्यात येतो. जलतरण मंडळांनी आपल्या वर्षाची सुरुवात त्या दिवसापासून करावी. मंडळाने किती पदके आणली याबरोबरच किती जणांना तरंगायला शिकवले, हाही हिशेब वर्षाअखेरीस मांडला गेला पाहिजे.