टोमॅटोचा परिपाक आणि आपला पथ्यविचार

टोमॅटो आपल्या संहिताकारांना ज्ञात नव्हता. दक्षिण अमेरिकेतील हे फळ फार उशिरा भारतात आले. त्यामुळे त्याविषयी सल्ला देताना आपल्यापैकी काहीजण ‘आम्ल, म्हणून अपथ्य’ असे म्हणून थांबतात, तर काहीजण ‘जीवनसत्त्वांनी परिपूर्ण, म्हणून पथ्य’ असे सांगून मोकळे होतात. फळ कोणत्या अवस्थेतील, हा प्रश्न मात्र दोघेही विचारत नाहीत.

बेलफळाचा अपवाद वगळता फळ परिपक्व असतानाच गुणवान मानावे, असा निर्देश सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात आहे. ई जीवनसत्त्वापुरते पाहिल्यास टोमॅटोला हा नियम लागू पडतो. फळ पिकू लागले की त्यातील हरितद्रव्याचे विघटन होते आणि त्याच्या रेणूची ‘फायटॉल’ नामक शेपटी सुटी होते. ती वाया जात नाही. विकरे तिला फॉस्फेटची जोड देतात आणि पुढे होमोजेंटिसिक आम्लाशी तिचा संयोग होऊन टोकोफेरॉल, म्हणजेच ई जीवनसत्त्व, घडत जाते. मात्र सर्व वाणांत ते सारखे साठत नाही. हा फरक जनुकाच्या रचनेइतकाच त्याच्या नियंत्रक भागावरील मिथिल-खुणांवरही अवलंबून असतो, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

यावरून ‘आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते’ असा जयघोष कृपया कोणी करू नये. ई जीवनसत्त्वाचा शोध १९२२ मधील आहे. नियम दीर्घ निरीक्षणातून आला, कारणमीमांसा प्रयोगशाळेतून आली. दोहोंचे श्रेय ज्याचे त्याला द्यावे.

प्रमाणाचे भानही हवे. १०० ग्रॅम पिकलेल्या टोमॅटोत ई जीवनसत्त्व जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते. प्रौढांसाठी अमेरिकेतील शिफारस दररोज १५ मिलिग्रॅमची आहे. तेवढ्याच शेंगदाण्यांत ते सुमारे ८, तर बदामांत सुमारे २५ मिलिग्रॅम असते. म्हणजे टोमॅटोच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट घालणाऱ्या गृहिणीने ही उणीव काही अंशी आधीच भरून काढली आहे! शिवाय हे जीवनसत्त्व स्नेहविद्राव्य असल्याने कुटातील स्नेह त्याच्या शोषणासही साह्य करतो.

तेव्हा पथ्यपत्रकात नुसते ‘टोमॅटो’ लिहिणे आपण सोडून द्यावे. अवस्था, मात्रा आणि संयोग यांचा स्पष्ट उल्लेख करावा, आम्लपित्ताच्या रुग्णाचा विचार स्वतंत्रपणे करावा. नव्या द्रव्यालाही आपल्या शास्त्राची शिस्त लावणे, हेच वैद्याचे कर्तव्य होय.