आवाजाला भुलू नका, नळीचा माल पारखा

मोटारीच्या सायलेन्सरवर कापडाच्या व्यापाऱ्याने कशाला लिहावे, असे काही वाचक विचारतील. उत्तर सोपे आहे. हौसेने गाडीला नवा एक्झॉस्ट बसवणारी मुले आपल्याच पेढ्यांवरची आहेत, आणि तो बसवणारे गॅरेजवाले, वेल्डर व नळी वाकवणारे कारागीर यांतही आपले बांधव पुष्कळ आहेत. पैसा घालणारा आणि मेहनत करणारा असे दोघेही या पानाचे वाचक. शिवाय माल पारखण्याची रीत सर्व धंद्यांत सारखीच असते.

उदाहरणासाठी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय घेऊ. ही गाडी २०१३ साली भारतात आली. तिचे इंजिन १.२ लिटरचे, टर्बो पेट्रोल, १०५ अश्वशक्तीचे. २०२२ मध्ये पोलोचे येथील उत्पादन बंद झाले, तरी जुन्या गाड्यांच्या बाजारात शौकीन तिच्या शोधात असतात. गाडी हाती आली की पहिला विचार एक्झॉस्टचा. दुकानदार सांगतो, ‘‘मागचा डबा बदला, पॉवर वाढेल.’’ आमच्या मते गिऱ्हाईक फसते ते इथेच.

इंजिनातून निघालेला वायू आधी टर्बोचा पंखा फिरवतो. तेथून तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, मग नळीने मधल्या डब्यात आणि शेवटी मागच्या सायलेन्सरमध्ये जातो. मोठा अडथळा पुढच्या भागात असतो. म्हणून मागचा डबा बदलला तर आवाज बदलतो, ताकद जवळजवळ तेवढीच राहते. ताकद वाढते ती टर्बोलगतची नळी आणि गाडीच्या संगणकाची सेटिंग बदलल्यावर. त्या कामात अनेक ठिकाणी कन्व्हर्टरच कापून काढतात. यालाच आमचा सक्त विरोध आहे.

कन्व्हर्टरच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. कार्बन मोनॉक्साईडसारखा विषारी वायू त्यात निरुपद्रवी होतो. तो काढला की धूर थेट आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलांच्या छातीत जातो. शिवाय काढलेल्या जुन्या कन्व्हर्टरला भंगारात चांगला भाव असतो आणि तो गिऱ्हाइकाला परत मिळतोच असे नाही. गाडीतून काढलेली वस्तू मालकाची. ती त्याच्या हाती दिलीच पाहिजे.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई केली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आवाज व धुराचे नियम मोडणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्स तीन महिने रद्द अशी तरतूद केली. पुणे, नागपूर अशा शहरांत पोलिसांनी जप्त केलेले मोटारसायकलींचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. कारागिराची मेहनत अशी रस्त्यावर चेपली जावी, हे आम्हाला पाहवत नाही.

मग हौस करूच नये का? करावी, पण पारखून. कन्व्हर्टर जागेवर ठेवून त्याच्या मागची नळी व डबे चांगल्या मालाचे घ्यावेत, आणि आवाज कायद्याच्या मर्यादेत राहील याची हमी घ्यावी. कापडाचा पन्हा अंगाच्या मापाने घेतात, तशी नळीची रुंदी इंजिनाच्या मापाने घ्यावी. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या गाडीला दोन ते सव्वादोन इंची नळी पुरे. तीन इंचीत पैसा व वजन दोन्ही वाढते. टर्बो नसलेल्या गाडीत फार रुंद नळीने वायूचा वेग मंदावतो आणि कमी वेगात गाडी ओढ धरत नाही.

पोलाद ३०४ नंबरचे मागावे. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते, म्हणून ते गंजाला दाद देत नाही. कोणी लोहचुंबक लावून दाखवील, ‘‘बघा, चिकटत नाही.’’ तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. हलके २०२ नंबरचे पोलादही सहसा चुंबकाला चिकटत नाही. भंगारवाले त्यावर औषधाचा थेंब टाकून रंगावरून फरक ओळखतात, तशी तपासणी करून घ्यावी. टेरीकॉटला सुती म्हणून विकणारे आमच्या बाजारातही आहेतच.

वळणावर नळी चेपलेली नसावी, गोलाई कायम असावी. सांधे आर्गन वेल्डिंगचे असावेत. इंजिनाचे हादरे झेलणारा लवचिक जोड काढलेला नसावा, नाहीतर नळीला लवकरच तडे जातात. पैसे चुकते करण्याआधी गाडी हायवेवर नेऊन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर काही वेळ एकसारखी चालवावी. त्या वेळी आत घुमणारी घरघर दुकानासमोर उभ्या गाडीत कळत नाही, आणि मुंबई-पुणे प्रवासात मागे बसलेल्या आईवडिलांचे डोके उठवते.

गॅरेजवाले बांधव म्हणतील, ‘‘गिऱ्हाईकच आवाज मागते. आम्ही नाही म्हटले तर शेजारचा करून देईल.’’ एवढ्या एका कामापुरते हे खरे आहे. पण चलन फाटलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, आणि बदनामी एका दुकानाची न राहता साऱ्या लाइनीची होते. म्हणून बिलावर पोलादाचा नंबर, नळीचे माप व वेल्डिंगची हमी लिहून द्यावी, आणि कन्व्हर्टर कापण्याच्या कामाला साफ नकार द्यावा. ज्याच्या हातात हुन्नर आहे, त्याला गोंगाट विकण्याची गरज नाही.