पृथ्वीच्या पोटातली धग आणि आपले घर

भगिनींनो, नांदेडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आमच्याकडे अधूनमधून जमिनीतून गुरगुर ऐकू येते, मांडणीवरची भांडी थरथरतात. सासूबाई म्हणतात, शेषाने कूस बदलली. मुलगा म्हणतो, खाली ज्वालामुखी आहे, एक दिवस फुटणार. रात्री झोप लागत नाही. खरे काय ते सांगा."

प्रश्न एकटीचा नाही. २००६च्या अखेरीपासून नांदेड शहरात असे आवाज आणि बारीक धक्के कितीतरी वेळा जाणवले. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा नांदेड-परभणीची माणसेही घराबाहेर धावली. आणि लातूरकडच्या बायकांना तर किल्लारीची आठवण नुसत्या आवाजानेही होते. म्हणून आज थोडे पृथ्वीच्या पोटात डोकावू. घाबरू नका, सगळे समजायला आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे.

आपल्या पायाखालून पृथ्वीच्या मध्यापर्यंत अंतर आहे सुमारे ६,३७० किलोमीटर. सगळ्यात वर दगडाचे कवच. आपल्या भागात ते पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड आहे. म्हणजे पृथ्वी कांद्याएवढी धरली तर हे कवच वरच्या पापुद्र्याएवढे! त्याखाली २,९०० किलोमीटरपर्यंत प्रावरण. तोही दगडच, पण तापलेला. त्याच्या आत गाभा, मुख्यतः लोखंडाचा. बाहेरचा गाभा वितळलेला, रसासारखा. अगदी आतला मात्र घट्ट. तिथे उष्णता पाच हजार अंशांच्या वर आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या उष्णतेत आतले लोखंड घट्ट कसे? कुकर आठवा. वाफ कोंडून दाब वाढला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्याला जास्त आच लागते. तसेच पृथ्वीच्या मध्यावर वरच्या सगळ्या थरांचा प्रचंड दाब असतो, म्हणून लोखंड वितळायलाही जास्त उष्णता लागते. दाबाने त्याला घट्ट धरून ठेवले आहे.

ही धग आली कुठून? काही पृथ्वी जन्मली तेव्हाची. आपल्या आज्या रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी फुंकर घालून पुन्हा पेटवत. दगडातूनही उष्णता अशीच फार सावकाश बाहेर पडते. शिवाय दगडात युरेनियम, थोरियम आणि एका जातीचे पोटॅशियम अगदी थोडे थोडे असते. ते झिजताना उष्णता देत राहते. म्हणून साडेचारशे कोटी वर्षे होऊनही हा विस्तव विझलेला नाही.

उष्णता वर कशी येते, तेही ओट्यापाशीच पाहा. तव्याची कड गॅसवर नसते तरी तापते, कारण उष्णता धातूतून सरकत जाते. शाळेत मुले याला वहन म्हणतात. आमटीला उकळी येते तेव्हा तळची तापलेली आमटी वर येते, वरची गार खाली जाते. हे अभिसरण. वरच्या कवचात उष्णता तव्यासारखी सरकते. खालच्या प्रावरणात मात्र आमटीसारखे वर-खाली चालते. पण दगड कसा वाहील? डांबराचा गोळा पाहिला आहे ना? हातोडीने फुटतो, पण उन्हात ठेवला तर आपोआप पसरतो. प्रावरणही तसेच, वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर. आपली नखे वाढतात त्याच वेगाने म्हणा ना!

या संथ उकळीबरोबर वरच्या कवचाचे मोठमोठे तुकडे सरकतात. आपला भारताचा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला रेटतो. त्यातूनच हिमालय उभा राहिला.

आता मुलाच्या ज्वालामुखीविषयी. तो अगदीच चुकीचे बोलत नाही, फक्त साडेसहा कोटी वर्षे उशिरा बोलतो आहे! तेव्हा जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला आणि थरावर थर पसरला. आपला पाटा-वरवंटा आणि जाते त्याच काळ्या दगडाचे. पण तो दगड कधीच गार झाला.

भूकंपानंतर किल्लारीजवळ सहाशे मीटरहून खोल भोक पाडून पाहिले. काळा दगड सुमारे ३४० मीटरच निघाला, खाली त्याहून कितीतरी जुना खडक. जमिनीतून वर येणारी उष्णताही मोजली, ती चौरस मीटरला सुमारे ४३ मिलिवॅट भरली. आपल्या भाषेत सांगायचे तर दहा बाय दहाच्या शंभर खोल्यांच्या जमिनीतून येणारी सगळी उष्णता गोळा केली, तर जेमतेम चाळीसचा एक बल्ब लागेल! एवढ्या थंड जमिनीखाली ज्वालामुखी धुमसत नसतो.

"मग किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला गरम पाणी कसे?" असे कुणी विचारेलच. पावसाचे पाणी भेगांतून खूप खोल जाते. जमिनीत दर किलोमीटरला साधारण वीस ते तीस अंश उष्णता वाढते. ते तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने झटकन वर आले की गरम झरा होतो. त्याला ज्वालामुखी लागत नाही. थंडीत बोअरचे पाणी कोमट लागते ते तर मुख्यतः जमीन वर्षभर एकसारखी राहते आणि बाहेरची हवा गार असते म्हणून.

मग भूकंप का? चिक्कीचा पाक गरम असताना हवा तसा वाकतो. गार झाला की कटकन तुटतो. आपल्या पायाखालचा खडक असा गार आणि कडक आहे. दूरवरचा रेटा त्याच्यात वर्षानुवर्षे साठत जातो आणि एखादी जुनी भेग अचानक सरकते. जड कपाट ढकलताना आधी हलत नाही, मग एकदम दणका देऊन सरकते, तसे. नांदेडसारख्या ठिकाणी हे बारीक धक्के फार उथळ असतात. म्हणून त्यांची थरथर जमिनीपर्यंत न विरता पोहोचते, हवा हलवते आणि आपल्याला गुरगुर ऐकू येते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता सहाच्या वर आणि तोही उथळ. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्याआधी १९९२च्या ऑक्टोबरमध्येही तिथे धक्के बसले होते.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा, या माणसांना जमिनीने गिळले नाही. गोट्या दगडांच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद त्यांच्या अंगावर आले. पृथ्वीची धग आपल्या हातात नाही, पण भिंत आणि छप्पर आहे. तेव्हा ही कामे या आठवड्यातच काढा.

दगडमातीचे घर असेल तर गळते म्हणून दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती चढवू नका. आधीची काढा, मग टाका. भिंतीला फुगवटा किंवा कोपऱ्यात उभी भेग दिसली तर नुसते लिंपून झाकू नका, जाणकार गवंड्याला दाखवा. नवे बांधकाम असेल तर दगडी भिंतीत आरपार जाणारे बांधदगड आणि दारे-खिडक्यांच्या वरून घराला कंबरपट्ट्यासारखा काँक्रीटचा पट्टा हवाच. फरशीवर चार पैसे कमी घाला, पट्ट्यावर नको.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर लोखंडी कपाट भिंतीला अडकवून घ्या. पाळण्यावर किंवा उशाशी जड फळी नको. पितळेचे हंडे-घागरी खाली ठेवा. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची सवय लावा. उशाखाली विजेरी, पायाशी चपला.

धक्का बसला तर पक्क्या घरात भक्कम टेबलाखाली बसून त्याचा पाय धरा. लिफ्टकडे धावू नका. दगडमातीच्या घरात दार हाताशी असेल तर मूल उचला आणि मोकळ्यावर या. दागिन्यांच्या डब्यासाठी मागे फिरू नका.

"हे पुरुषांचे काम" असे म्हणू नका हं! किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावी संवाद सहायक म्हणून बायकाच पुढे आल्या. भिंत कशी बांधायची, सरकारी मदत कशी मिळवायची, हे त्यांनी शिकून घेतले आणि शेजारणींना शिकवले. २००१मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला गेल्या.

तेव्हा नांदेडच्या भगिनी, सासूबाईंना सांगा, शेष शांत आहे. मुलाला सांगा, ज्वालामुखी कधीच विझला. पण पुढची गुरगुर ऐकू आली की निव्वळ देवाचे नाव घेऊन कूस बदलू नका. सकाळी उठून एकदा घराच्या चारी कोपऱ्यांवरून हात फिरवा. भेग कुठे आहे, ते घरात वावरणाऱ्या बाईलाच आधी कळते.